फर्निचर रो रेसिंग : डेन्व्हरच्या छोट्या स्टॉक कार टीमचा उदय आणि अस्त (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतल्या नॅस्कार (स्टॉक कार) शर्यती पाहणाऱ्या मराठी वाचकांकडून फर्निचर रोच्या ७८ नंबरच्या गाडीबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागत असेल, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्टॉक कार म्हणजे शोरूममधलीच गाडी पळवतात का?

१९४९ साली, पहिल्या हंगामात, जवळपास तसंच होतं. आता दिव्यांचे स्टिकर आणि कंपनीचं नाव सोडलं तर शोरूमशी फारसा संबंध उरलेला नाही. आपण ज्या काळाबद्दल बोलतो आहोत, त्या काळातली गाडी म्हणजे पोलादी नळ्या वेल्ड करून केलेला सांगाडा, त्यावर हाताने बसवलेली बॉडी, ३५८ क्यूबिक इंचांचं (सुमारे ५.८७ लिटर) व्ही-८ इंजिन, चार गिअर, १५ इंची पोलादी रिम आणि प्रत्येक चाकाला पाच नट. वजन सुमारे दीड टन, ताकद साडेसातशे हॉर्सपॉवरच्या आसपास. पत्रा मिलिमीटरच्या हिशोबात इकडेतिकडे झाला तरी गाडीवरचा हवेचा दाब बदलतो. म्हणूनच वर्कशॉपमधला बराचसा वेळ इंजिनापेक्षा बॉडीवर जातो.

२. शर्यतीच्या टीमला 'फर्निचर रो' हे नाव कसं?

मालक बार्नी व्हिसर यांचा फर्निचर आणि गाद्यांचा धंदा आहे. सोफा, लाकडी फर्निचर, बेडरूमचं सामान आणि 'डेन्व्हर मॅट्रेस'च्या गाद्या अशी दुकानं एका रांगेत असतात, तीच 'फर्निचर रो'. टीम २००५ मध्ये सुरू झाली आणि पुढची कितीतरी वर्षं गाडीवर मालकाच्याच दुकानांची नावं होती, कारण बाहेरचा स्पॉन्सर मिळत नव्हता. जाहिरातीसाठी काढलेली हौशी टीम, असा समज इथूनच पसरला. तो बरोबर नाही. इतकी वर्षं इतका खर्च नुसत्या जाहिरातीसाठी कोणी करत नाही. व्हिसर यांना शर्यत जिंकायची होती.

३. सगळ्या टीम नॉर्थ कॅरोलायनात, मग ही कोलोरॅडोत का? त्याने काय फरक पडला?

व्हिसर यांचं घर आणि धंदा डेन्व्हरला, म्हणून टीमही तिथेच. कप मालिकेच्या, म्हणजे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेच्या, जवळपास सगळ्या टीम शार्लट शहराच्या आसपास आहेत. डेन्व्हर तिथून रस्त्याने सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर. पश्चिमेकडच्या काही शर्यती सोडल्या, तर या टीमचा ट्रेलर दर आठवड्याला इतर टीमच्या ट्रेलरपेक्षा लवकर निघायचा आणि उशिरा परतायचा. रविवारी शर्यत आणि पुढच्या आठवड्यात दुसरा ट्रॅक, अशा वेळापत्रकात वाटेत जाणारा एक-एक दिवस म्हणजे गाडी तयार करायला मिळणारा एक दिवस कमी.

त्याहून मोठी अडचण माणसांची. शार्लटमध्ये फॅब्रिकेटरने (सांगाडा आणि पत्रा घडवणाऱ्या कारागिराने) नोकरी सोडली तर समोरच्या गल्लीतल्या टीममधून दुसरा मिळतो. डेन्व्हरला यायचं तर माणसाला बायकामुलांसह घर हलवावं लागतं, आणि टीम बंद पडली तर त्या गावात दुसरी टीम नाही. सुटे भाग पुरवणारे, विंड टनेल, कार्बन फायबरचं काम करणारे, सगळे तिकडे पूर्वेला.

फायदाही होता आणि तो कमी लेखू नये. जे आले ते टिकले. शेजारच्या टीमला माणूस पळवता येत नव्हता, गप्पांमधून सेटिंग फुटत नव्हती. टीमचे प्रमुख जो गॅरोन यांनी हा छोटा, एकजीव गट वर्षानुवर्षं सांभाळला. डेन्व्हरमुळे टीम बुडाली असं सर्रास म्हटलं जातं. आमच्या मते डेन्व्हरने खर्च वाढवला, पण बुडण्याचं कारण वेगळं होतं (प्रश्न ११ पाहा).

४. सुरुवातीची वर्षं कशी गेली?

कठीण. जेरी रॉबर्टसन, मग केनी वॉलेस, मग जो नेमचेक अशा ड्रायव्हरांनी गाडी चालवली. त्या काळी ४३ गाड्यांना प्रवेश होता आणि मालकांच्या गुणांनुसार पहिल्या ३५ जणांची जागा पक्की असायची. उरलेल्या जागांसाठी बाकीच्यांनी वेळ नोंदवायची. थोडक्यात हुकलं तर शुक्रवारीच सामान आवरून परत. इंधन, टायर, हॉटेल, ट्रेलर हा खर्च झालेला, हाती बक्षीस शून्य, आणि गुणही नाहीत, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच टांगती तलवार. फर्निचर रो या चक्रात अनेकदा अडकली. २००९ मध्ये मंदी आली तेव्हा टीमने मोजक्याच शर्यती खेळायचं ठरवलं आणि रेगन स्मिथला घेतलं. २०१० पासून पूर्ण हंगाम सुरू झाला. दोन पावलं मागे घेण्याचा तो निर्णय शहाणपणाचा ठरला, कारण पैसे सगळीकडे थोडेथोडे विखुरण्याऐवजी निवडक गाड्यांवर लागले.

५. २०११ ची डार्लिंग्टनची शर्यत नशिबाने जिंकली का?

डार्लिंग्टनची सदर्न ५०० ही या मालिकेतल्या सर्वांत मानाच्या शर्यतींपैकी एक. ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आणि डांबर टायर लवकर खाणारं, म्हणून तिथे ताज्या टायरला फार किंमत. शेवटी पिवळा झेंडा (धोक्यामुळे सगळ्यांनी वेग कमी करण्याची खूण) पडला तेव्हा पुढचे बरेच जण टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, गेले. स्मिथ बाहेरच राहिला आणि त्यामुळे पुढे आला. मागे ताज्या टायरवर कार्ल एडवर्ड्स. लॅप (ट्रॅकचे फेरे) थोडेच उरले होते आणि मोकळी हवा पुढच्या गाडीला मिळते, हा हिशोब त्यामागे होता. स्मिथने एडवर्ड्सला मागे ठेवून ते लॅप काढले.

पिवळा झेंडा योग्य वेळी पडला, एवढं नशीब मान्य. पण रेगन स्मिथचा आणि टीमचा हा पहिलाच विजय होता. जिंकायची सवय नसलेल्या गटाने जुन्या टायरवर राहण्याचा निर्णय काही सेकंदांत घेतला, याला आम्ही हिंमत म्हणू.

६. 'टेक्निकल अलायन्स'मध्ये छोटी टीम मोठ्या टीमकडून नेमकं काय विकत घेते?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. टीमचा उदय आणि अस्त दोन्ही याच करारातून आले.

मोठ्या टीमकडे तीन-चार गाड्या, स्वतःचा चॅसी विभाग आणि डझनावारी इंजिनिअर असतात. छोट्या टीमला हे सगळं उभारणं परवडत नाही, म्हणून ती ते वार्षिक रकमेवर घेते. त्यात साधारण चार गोष्टी येतात. पहिली इंजिन : ती बहुधा भाड्याने येतात, शर्यत झाली की परत जातात, तिकडे उघडून तपासली जातात. दुसरी चॅसी : तयार सांगाडा येतो, बॉडी आणि जुळणी आपण करायची. तिसरी माहिती : सराव झाल्यावर मोठ्या टीमच्या सगळ्या गाड्यांचं स्प्रिंग, शॉक, टायरच्या हवेचा दाब, तापमान हे आकडे आपल्यालाही दिसतात, आणि आपले त्यांना. चौथी सिम्युलेशन : ट्रॅकवर जाण्याआधी सेटिंग संगणकावर चालवून पाहण्याची सोय. नॅस्कारने २००९ पासून आपल्या ट्रॅकवरच्या खासगी चाचण्या बंद केल्यावर या चौथ्या गोष्टीचा भाव फारच वाढला.

फर्निचर रोने २०१० पासून रिचर्ड चिल्ड्रेस रेसिंगशी असा करार केला. गाडी शेव्हरले. २०१६ पासून जो गिब्स रेसिंगशी करार झाला, गाडी टोयोटा आणि इंजिन कॅलिफोर्नियातल्या टोयोटा रेसिंग डेव्हलपमेंटचं.

लोक विचारतात, मग चांगला भाग मोठी टीम स्वतःला ठेवत नाही का? कराराप्रमाणे माहिती सारखीच मिळते. फरक पडतो तो तिचं काय करायचं यात. २०१७ मध्ये गिब्सच्या चारही गाड्यांना जे मिळत होतं तेच फर्निचर रोला मिळत होतं, आणि तरी फर्निचर रो जास्त वेगवान होती. बॉडी कशी बसवायची आणि सेटिंग कशी लावायची, हे काम डेन्व्हरमध्ये जास्त चांगलं होत होतं. करारातली एक उणीव मात्र कायमची : दर वर्षी किंमत ठरवणारा आपला प्रतिस्पर्धी असतो.

७. एकच गाडी असलेल्या टीमचं नेमकं काय बिघडतं?

सरावाच्या एका तासात चार गाड्यांची टीम चार वेगळी सेटिंग तपासते, एका गाडीला एकच धागा धरून चालावं लागतं. समजा वळणात गाडीचं मागचं टोक बाहेर जातंय. पिट स्टॉपमध्ये मागच्या काचेतून लांब पाना घालून वेज फिरवतात, म्हणजे स्प्रिंगवरचा भार बदलतो आणि चाकांवरचं वजन तिरकं सरकतं. अर्धा फेरा पुरेल की पूर्ण लागेल, हे शेजारच्या गाडीने आधीच करून पाहिलं असेल तर सांगता येतं. एकट्याने करायचं तर अंदाज चुकला की पुढचा थांबा येईपर्यंत तीच गाडी चालवायची.

तरीही २०१३ मध्ये कर्ट बुशने या एकट्या गाडीला चेसमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या दहा शर्यतींत होणाऱ्या विजेतेपदाच्या लढतीत नेलं. एका गाडीच्या टीमने चेसमध्ये पोचण्याची ती पहिलीच वेळ. तो दहावा आला आणि पुढच्या वर्षी मोठ्या टीमकडे गेला. छोट्या टीमचं हेही एक नेहमीचं दुखणं.

८. मार्टिन ट्रुएक्स ज्युनिअर इथे कसा आला, आणि पहिलं वर्ष इतकं वाईट का गेलं?

२०१३ च्या सप्टेंबरमध्ये रिचमंडच्या शर्यतीत मायकल वॉल्ट्रिप रेसिंगवर निकालात ढवळाढवळ केल्याबद्दल कारवाई झाली. ट्रुएक्सची चेसमधली जागा गेली, त्याच्या गाडीचा मोठा स्पॉन्सर निघून गेला आणि त्याच्याकडे गाडीच उरली नाही. फर्निचर रोकडे त्याच वेळी जागा रिकामी झाली होती.

२०१४ मध्ये तो चोविसावा आला. गाडी आणि ड्रायव्हर यांची भाषा जुळत नव्हती, वेग सापडत नव्हता. त्या ऑगस्टमध्ये त्याची जोडीदार शेरी पोलेक्स हिला अंडाशयाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. टीमने त्याला हवा तेव्हा वेळ घे, असं सांगितलं. या माणुसकीचा उल्लेख ट्रुएक्स पुढे वारंवार करत राहिला, आणि मोठ्या टीमकडून बोलावणी येण्याच्या काळातही तो इथे का थांबला याचं उत्तर त्यात आहे.

२०१५ ला टीममधल्याच इंजिनिअर कोल पर्नला क्रू चीफ, म्हणजे गाडीची सेटिंग आणि शर्यतीतले डावपेच ठरवणारा प्रमुख, केलं. कॅनडातल्या ऑन्टारिओचा हा तरुण सेटिंगचा विचार आकड्यांतून करायचा. पहिल्या १५ शर्यतींत १४ वेळा पहिल्या दहात, पोकोनोला विजय, आणि वर्षाअखेरीस विजेतेपदासाठी उरलेल्या अंतिम चौघांत. ड्रायव्हर तोच, वर्कशॉप तेच. बदलला तो क्रू चीफ.

९. '३९२ लॅप' हा काय प्रकार आहे?

२९ मे २०१६, शार्लट, कोका-कोला ६००. ही कप मालिकेतली सगळ्यात लांब शर्यत, ४०० लॅप, ६०० मैल. ट्रुएक्स त्यातले ३९२ लॅप, म्हणजे ५८८ मैल, पुढे होता. नॅस्कारच्या एका शर्यतीत इतकं अंतर आघाडीवर राहण्याचा विक्रम त्याने केला. शर्यत संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपते, ट्रॅकचं तापमान उतरतं आणि दुपारी जमलेली गाडी रात्री बिघडते. म्हणून तिथे सलग पुढे राहणं फार अवघड मानलं जातं.

त्याच वर्षी डेटोना ५०० त्याने ०.०१० सेकंदाने गमावली होती आणि पुढे टॅलाडेगाला इंजिन गेल्यामुळे तो बाद फेरीतून बाहेर पडला. इंजिन भाड्याचं असलं की ते फुटल्यावर टीमच्या हातात दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं, हेही त्या दिवशी दिसलं.

१०. २०१७ मध्ये ट्रुएक्सला ५३ जादा गुण कसे मिळाले? हिशोब सांगा.

२०१७ पासून प्रत्येक शर्यतीचे टप्पे झाले. त्या वर्षी टप्पा जिंकला की १ प्लेऑफ गुण (प्लेऑफ म्हणजे चेसच्या जागी आलेली हंगामाच्या शेवटची बाद फेरी), शर्यत जिंकली की ५, आणि पहिल्या २६ शर्यतींअखेर गुणतक्त्यात पहिला असेल त्याला १५ मिळायचे. ट्रुएक्सने त्यात ४ शर्यती (२० गुण) आणि १८ टप्पे (१८ गुण) जिंकले, शिवाय अव्वल स्थानाचे १५. बेरीज ५३. प्लेऑफच्या पहिल्या तिन्ही फेऱ्यांत गुण पुन्हा सुरू होताना हे ५३ प्रत्येक वेळी वर मिळायचे, त्यामुळे एखादी शर्यत वाया गेली तरी तो सुरक्षित होता.

होमस्टेडच्या अंतिम शर्यतीत मात्र हे गुण चालत नव्हते. उरलेल्या चौघांत जो पुढे येईल तो विजेता ठरायचा. १९ नोव्हेंबरला ट्रुएक्सने काइल बुशला मागे ठेवून शर्यत आणि विजेतेपद दोन्ही घेतलं. वर्षातले ८ विजय, त्यांतले ७ दीड मैलाच्या ट्रॅकवर. मालक व्हिसर यांना त्याच महिन्यात हृदयविकाराचा झटका आला होता, बायपास झाली होती, म्हणून ते ट्रॅकवर नव्हते. बारा वर्षं स्वतःच्या खिशातून टीम चालवलेल्या माणसाला तो क्षण घरून पाहावा लागला.

११. विजेतेपदानंतर एका वर्षात टीम बंद कशी पडली?

स्पॉन्सर गेला आणि अलायन्सचा खर्च वाढला. दोन्ही एकाच वेळी झालं.

२०१७ मध्ये टीमने एरिक जोन्ससाठी ७७ नंबरची दुसरी गाडी आणली होती. स्पॉन्सर ५-अवर एनर्जी. जोन्स वर्षाअखेरीस जो गिब्सकडे गेला, ७७ बंद झाली, आणि तो स्पॉन्सर ७८ वर आला. २०१८ मध्ये ७८ चा खर्च प्रामुख्याने बास प्रो शॉप्स आणि ५-अवर एनर्जी यांच्यात वाटला गेला. जुलैमध्ये ५-अवर एनर्जीने वर्षाअखेरीस नॅस्कार सोडत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपन्यांचं पुढच्या वर्षाचं जाहिरातीचं अंदाजपत्रक शरद ऋतूपर्यंत ठरून जातं. जुलैत बातमी म्हणजे हाताशी जेमतेम काही आठवडे.

४ सप्टेंबर २०१८ ला व्हिसर यांनी हंगामानंतर टीम बंद करण्याचं जाहीर केलं. कारण त्यांनी उघड सांगितलं : गेलेल्या स्पॉन्सरची जागा भरायची आणि जो गिब्सबरोबरच्या अलायन्सचा वाढता खर्च पेलायचा, दोन्ही जमलं नाही. पुढे चालवायचं तर कर्ज काढावं लागलं असतं, आणि ते त्यांना नको होतं.

इथे प्रश्न ६ मधली उणीव पूर्ण दिसते. स्वतःचा चॅसी विभाग असता तर व्हिसर यांना खर्च कमी करून, मधल्या क्रमांकांवर राहून एखादं वर्ष काढता आलं असतं. भाड्याच्या ज्ञानाचं बिल अर्धं करता येत नाही. घेतलं तर पूर्ण, नाही तर २०१० च्या आधीच्या जागी. विजेत्या टीमला तिकडे परतणं मान्य नव्हतं, आणि आम्हाला तो निर्णय प्रामाणिक वाटतो. कर्मचाऱ्यांना जवळपास तीन महिने आधी कळलं, सगळ्या शर्यती पूर्ण झाल्या, आणि ट्रुएक्स त्या वर्षीही अंतिम चौघांत पोचला. होमस्टेडला तो जोई लोगानोच्या मागे दुसरा आला.

१२. बक्षिसाच्या पैशांवर टीम चालत नाही का?

नाही. २०१६ पासून नॅस्कार प्रत्येक गाडीची बक्षीस रक्कम जाहीर करत नाही, म्हणून इंटरनेटवर फिरणारे आकडे जपून घ्यावेत. पण वर्षाच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा स्पॉन्सर देतात, हे सगळ्या टीम सांगतात. जिंकून मिळालेला पैसा ही भर असते.

१३. चार्टर म्हणजे काय, आणि या टीमचा चार्टर कोणाकडे गेला?

फेब्रुवारी २०१६ मध्ये नॅस्कारने ३६ चार्टर दिले. चार्टर असलेल्या गाडीला प्रत्येक शर्यतीत जागा पक्की आणि उत्पन्नात ठरलेला वाटा, म्हणजे प्रश्न ४ मधली टांगती तलवार गेली. उरलेल्या चार जागा बाकीच्यांसाठी खुल्या. चार्टर विकता येतो. टीम बंद करणाऱ्याच्या हातात जुन्या गाड्या आणि हत्यारांपलीकडे काही उरण्याची सोय पहिल्यांदा याच व्यवस्थेने केली. फर्निचर रोचा चार्टर स्पायर मोटरस्पोर्ट्सने घेतला. २०१९ च्या जुलैमध्ये डेटोनाला पावसाने शर्यत थांबली तेव्हा स्पायरचा जस्टिन हेली पुढे होता, आणि पहिल्याच वर्षात त्यांना विजय मिळाला.

१४. आताची नेक्स्ट जेन गाडी तेव्हा असती तर टीम वाचली असती का?

२०२२ पासूनच्या गाडीत चॅसी, बॉडीचे भाग, गिअरबॉक्स ठरलेल्या पुरवठादारांकडून सगळ्यांना सारखेच मिळतात. चॅसीसाठी दुसऱ्या टीमवर अवलंबून राहणं त्यामुळे कमी झालं असतं. पण इंजिन, माहिती आणि सिम्युलेशन यांचे करार अजूनही लागतात, आणि स्पॉन्सर गेल्याचा खड्डा गाडीच्या नियमांनी भरत नाही. शिवाय फर्निचर रोची ताकद बॉडी बसवण्याच्या कारागिरीत होती. सगळ्यांना तयार भाग मिळाल्यावर नेमकी तीच कमी उपयोगी पडली असती. टीम जास्त टिकली असती, इतकी जिंकली नसती, असं आम्हाला वाटतं.

१५. ७८ आणि ७७ नंबर नंतरही ट्रॅकवर दिसले. ती हीच टीम का?

नाही. नंबर नॅस्कारच्या मालकीचे असतात, टीमला ते वापरायला मिळतात. ७७ स्पायरने घेतला, चार्टरही त्यांनीच घेतला, तरी टीम वेगळी. ७८ नंतर लिव्ह फास्ट मोटरस्पोर्ट्सने वापरला, त्यांचा फर्निचर रोशी काही संबंध नाही.

आकडे जुळवताना आणखी एक घोळ होतो. ट्रुएक्सचे कप मालिकेतले एकूण विजय ३४, त्यांतले १७ फर्निचर रोसाठी : २०१५ मध्ये १, २०१६ मध्ये ४, २०१७ मध्ये ८, २०१८ मध्ये ४. टीमचे एकूण विजय १८, कारण त्यात रेगन स्मिथचा डार्लिंग्टनचा विजय मिळवावा लागतो. २०१९ चे ७ विजय ट्रुएक्स आणि पर्न या जोडीचेच असले तरी ते जो गिब्सच्या १९ नंबरच्या गाडीत मिळाले, म्हणून ते इथे धरायचे नाहीत.